सुई टोचून घेण्याआधी पेशीचे मूळ गाव विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एसटी स्थानकांच्या भिंतींवर आणि व्हॉट्सॲपच्या गटांवर हल्ली 'स्टेमसेल शिबिरां'च्या जाहिराती दिसतात. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, पक्षाघात, कंपवात अशा सगळ्यांना उपाय एकच. कमरेच्या हाडातून मज्जा काढायची, तिच्यातल्या पेशी वेगळ्या करायच्या आणि पाठीच्या मणक्यांमधून सुई घालून मेंदू-मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. 'मूळपेशी (म्हणजे स्टेमसेल) जिथे जाते तिथली होते' असे एक वाक्य या जाहिरातींत हटकून असते. आमचे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. आजारी मुलाचे आईबाप याच वाक्यावर विश्वास ठेवून बाग गहाण टाकतात.

कोकणात माणसाचे नाव विचारून झाले की पुढचा प्रश्न मूळ गावाचा. गिरगावात जन्मलेला आणि कांदिवलीत वाढलेला माणूसही 'आमचे गाव राजापूर' असेच सांगतो. मेंदूतल्या पूर्वपेशींचे पुष्कळसे असेच आहे. पूर्वपेशी म्हणजे अजून पक्की न झालेली, पण विभागून पुढे चेतापेशी किंवा चेतापेशीची साथीदार होऊ शकणारी पेशी. ती पुढे काय होईल हे ती आज कुठे आहे यावर काही अंशी ठरते. पण गर्भात ती कुठल्या पट्ट्यात आणि कुठल्या दिवशी जन्मली, याचा वाटा कितीतरी मोठा असतो.

गर्भधारणेनंतर सुमारे 28 दिवसांत पाठीकडची एक चपटी पट्टी वळून तिची नळी होते. ही चेतानलिका. तिच्या खालच्या, म्हणजे पोटाकडच्या कडेतून 'सॉनिक हेजहॉग' नावाचे प्रथिन झिरपते (नाव व्हिडिओ गेममधल्या पात्रावरून ठेवलेले आहे, त्याला आमचा इलाज नाही), तर पाठीकडच्या कडेतून बीएमपी आणि डब्ल्यूएनटी या कुळांतली प्रथिने. मधल्या प्रत्येक पेशीला दोन्ही बाजूंचा संदेश कमीअधिक प्रमाणात मिळतो आणि त्या प्रमाणावरून तिच्यातली ठरावीक जनुके चालू होतात. मज्जारज्जूच्या खालच्या अर्ध्या भागात यातून पूर्वपेशींचे पाच वेगळे पट्टे पडतात. त्यांतल्या एकात ऑलिग2 हे जनुक चालू असते. तो पट्टा आधी स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी देतो आणि ते काम संपले की ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी देऊ लागतो. ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणजे चेतातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढवणारी पेशी. विजेच्या तारेवर प्लास्टिक असते, तसे समजा. मज्जारज्जूतल्या अशा पूर्वपेशींपैकी बहुतेक या एका अरुंद पट्ट्यातून येतात, थोड्या पाठीकडच्या भागातून.

खालचा संदेश अडला तर काय होते, ते अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांनी 1950च्या दशकात पाहिले. त्यांच्या कळपांत एकडोळी कोकरे जन्माला येत होती. गाभण राहिल्यापासून चौदाव्या दिवसाच्या सुमारास मेंढीने व्हेराट्रम कॅलिफोर्निकम ही रानटी वनस्पती खाल्ली, तर असे घडे. तिच्यातले सायक्लोपामाइन सॉनिक हेजहॉगचा संदेश अडवते, मग मेंदूचा पुढचा भाग दोन अर्धांत विभागत नाही आणि डोळा मधोमध एकच राहतो. तीच वनस्पती मेंढीने महिनाभराने खाल्ली असती, तर ही विकृती झाली नसती.

पुढच्या मेंदूत हा मामला आणखी रंगतो. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे सर्वांत बाहेरच्या थरातल्या, उत्तेजक चेतापेशी बाह्यकाच्याच तळाशी जन्मतात आणि सरळ वर चढतात. पण तिथल्याच लगाम घालणाऱ्या, गाबा नावाचे रसायन सोडणाऱ्या चेतापेशी बाह्यकाच्या गाववाल्या नव्हेत. त्या खालच्या बाजूला असलेल्या गँग्लिओनिक उंचवट्यांत जन्मतात आणि आडव्या वाटेने सरकत वर येतात. मधल्या उंचवट्यातून आलेल्यांत पार्व्हाल्ब्युमिन किंवा सोमॅटोस्टॅटिन या नावाची ओळखखूण सापडते, मागच्या उंचवट्यातून आलेल्यांत व्हीआयपी किंवा रीलिन. प्रौढ मेंदूत या एकमेकींशेजारी बसलेल्या दिसतात, पण त्यांच्या विजेच्या ठोक्यांची धाटणी आणि जोडण्यांच्या जागा मूळ गावाप्रमाणेच राहतात.

मायलिनवाल्या पूर्वपेशी पुढच्या मेंदूत तीन लाटांनी येतात, हे उंदरांमध्ये 2006 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने दाखवले. पद्धत सांगण्याजोगी आहे. एखाद्या पट्ट्यातच चालू असणारे जनुक निवडायचे, त्याच्या ताब्यात क्रे नावाचे कातरणारे प्रथिन द्यायचे आणि त्या प्रथिनाने पेशीत कायमचा चमकणारा शिक्का उठवायचा. मग ती पेशी आणि तिची सगळी पोरेबाळे कुठेही गेली तरी ओळखू येतात. उंदराचा गर्भकाळ एकोणीस-वीस दिवसांचा. पहिली लाट बाराव्या-तेराव्या दिवशी मधल्या उंचवट्यातून, दुसरी पंधराव्याच्या सुमारास बाजूच्या आणि मागच्या उंचवट्यांतून, तिसरी जन्मानंतर खुद्द बाह्यकातून. पहिल्या लाटेतल्या बहुतेक पेशी पिल्लू मोठे होईपर्यंत बाह्यकातून नाहीशा होतात.

याच प्रयोगात या गटाने एकेका लाटेतल्या पेशी मुद्दाम मारून पाहिल्या. उरलेल्या लाटांनी जागा भरून काढली आणि मायलिन जवळपास नेहमीसारखे झाले. तेव्हा मूळ गाव म्हणजे जन्मठेप नव्हे. लाटा एकमेकींचे काम करू शकतात, मग त्या सारख्याच म्हणायच्या का? 2016 साली केंब्रिज आणि लंडनच्या संशोधकांनी मायलिन खरवडून काढलेल्या जागी त्या नव्याने काम कसे करतात हे तपासले. पाठीकडच्या मूळच्या पूर्वपेशी जखमेकडे जास्त संख्येने धावल्या आणि त्यांनी लवकर ऑलिगोडेंड्रोसाइट तयार केले. मात्र उंदीर म्हातारे झाल्यावर याच गटाची कार्यक्षमता जास्त घसरली. शांतपणे चाललेल्या संसारात सारख्या वाटणाऱ्या पेशी संकटात आणि म्हातारपणात आपापले मूळ दाखवतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये मायलिन वारंवार उखडते आणि वयाबरोबर भरून येणे मंदावते, म्हणून या निष्कर्षाला वजन आहे.

परिसराचाही हात असतोच. 2019 साली केंब्रिजमध्येच दिसले की म्हाताऱ्या उंदराच्या पूर्वपेशी मऊ, तरुण मेंदूसारख्या पृष्ठभागावर ठेवल्या की पुन्हा जोमाने विभागू लागतात. पण त्या ताज्यातवान्या झाल्या तरी राहिल्या आपल्याच कुळात. दुसऱ्या कुळातली पेशी झाल्या नाहीत.

जागेसारखीच वेळ. बाह्यकात आधी खोल थरांच्या चेतापेशी तयार होतात, नंतर वरच्या थरांच्या. 1990च्या दशकात फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या पिल्लांमध्ये केलेल्या प्रत्यारोपणांत कोवळ्या पूर्वपेशी वयाने मोठ्या मेंदूत टाकल्या तर नव्या घराप्रमाणे वागल्या, पण त्यासाठी स्थलांतर त्यांच्या शेवटच्या विभाजनाआधी, योग्य टप्प्यावर व्हावे लागले. उलट, उशिराच्या पूर्वपेशी लहान मेंदूत टाकल्यावर खोल थर करीनात. ही गोष्ट बरीच वर्षे 'वय पुढेच जाते' अशी शिकवली गेली. 2019 साली जिनिव्हातल्या गटाने तिला बारीक दुरुस्ती केली. मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीच्या भिंतीला चिकटलेल्या आद्य पूर्वपेशी मागे जाऊ शकतात, पण त्यांच्यापासून झालेल्या मधल्या पिढीच्या पूर्वपेशी जाऊ शकत नाहीत. नुसते 'मूळपेशी' म्हणून काही कळत नाही ते याचसाठी. आजी आणि नात एकाच घरातल्या असल्या तरी दोघींना एकाच मापाने मोजता येत नाही.

आंबा बागायतदाराला हे नवे नाही. रायवळाच्या रोपावर हापूसची काडी बांधली की मुळे रायवळाची असली तरी फळ हापूसच. काडी फळत्या झाडाची असेल तर कलम चार-पाच वर्षांत धरते, कोयीपासून वाढलेल्या झाडाइतका वेळ घेत नाही. काडी जात विसरत नाही आणि वयही विसरत नाही. प्रौढ उंदराच्या मेंदूतही असेच दिसले. पोकळ्यांच्या भिंतीतल्या मूळपेशी आयुष्यभर गंधकंदासाठी, म्हणजे मेंदूतल्या वास ओळखणाऱ्या भागासाठी, नव्या चेतापेशी बनवत राहतात. पाठीकडच्या भिंतीतल्या गंधकंदाच्या वरच्या थराच्या, खालच्या भिंतीतल्या खोल थराच्या. 2007 साली कॅलिफोर्नियातल्या गटाने या मूळपेशी उचलून दुसऱ्या भिंतीत लावल्या. त्यांनी जुन्या गावच्याच चेतापेशी बनवल्या. पुढे 2015 साली कळले की या प्रौढ मूळपेशी गर्भात साधारण तेराव्या ते पंधराव्या दिवसांतच बाजूला काढून ठेवलेल्या असतात. म्हणजे त्यांचे गाव जन्माआधीच ठरलेले असते.

मग 'अस्थिमज्जेच्या पेशींपासून चेतापेशी झाल्या' हे आले कुठून? शोध लागलेच होते, पण ते नीट तपासल्यावर ढासळले. 2000 सालच्या सुमारास अस्थिमज्जेच्या पेशींवर बीटा-मर्कॅप्टोइथेनॉलसारखी रसायने टाकल्यावर काही तासांत त्या लांब शेपटांच्या, चेतापेशींसारख्या दिसू लागल्या. 2004 साली दोन गटांनी दाखवले की त्या वाढत नव्हत्या, आक्रसत होत्या. विषारी द्रव्याने पेशीचा सांगाडा कोसळतो, पेशीचे अंग आत ओढले जाते आणि उरलेले धागे शेपटांसारखे दिसतात. दुसरा पुरावा प्राण्यांच्या मेंदूतला होता. चिन्हांकित मज्जापेशी टोचल्यावर पुर्किंज्ये नावाच्या, लहान मेंदूतल्या मोठ्या चेतापेशींमध्ये ते चिन्ह सापडले. 2003 साली कळले की मज्जापेशी चेतापेशी झाली नव्हती, ती असलेल्या चेतापेशीत मिसळली होती. एकाच पेशीत दोन केंद्रके दिसत होती.

काचपात्रातले निकाल वाचताना आणखी एक जुना धडा लक्षात ठेवावा. 1983 साली लंडनमध्ये नवजात उंदराच्या दृष्टिचेतेतून काढलेल्या पूर्वपेशी वासराच्या रक्तद्रवात वाढवल्या तर एका प्रकारचे ॲस्ट्रोसाइट (चेतापेशींच्या ताऱ्यासारख्या साथीदार पेशी) होत, रक्तद्रव काढला तर ऑलिगोडेंड्रोसाइट. शोध खराच होता. पण शरीरात, निरोगी वाढीत, ते ॲस्ट्रोसाइट शोधूनही सापडले नाहीत. भांड्यात जे होऊ शकते ते डोक्यात होतेच असे नाही.

मूळ गाव सांभाळून केलेले काम कसे असते, ते कंपवातात दिसते. या आजारात मध्यमेंदूतल्या, डोपामाइन हे संदेशवाहक रसायन बनवणाऱ्या चेतापेशी मरतात. गर्भात त्या मध्यमेंदूच्या तळपट्टीतून येतात. सुरुवातीला भ्रूण-मूळपेशींपासून डोपामाइन बनवणाऱ्या पेशी तयार झाल्या, पण त्या तळपट्टीच्या वाटेने आलेल्या नव्हत्या. भांड्यात डोपामाइनचे एन्झाइम दिसे, प्राण्यात टोचल्यावर टिकत नसत. 2011 साली न्यूयॉर्कच्या गटाने पेशींना आधी तळपट्टी व्हायला लावले, फॉक्सए2 आणि एलएमएक्स1ए ही जनुके चालू झाल्याची खात्री केली आणि मगच पुढे नेले. तेव्हा त्या टिकल्या. इथे औषधाची मात्रा फार नाजूक असते. डब्ल्यूएनटीचा संदेश वाढवणारे रसायन एका पद्धतीत 0.7 मायक्रोमोलरच्या आसपास ठेवले तर मध्यमेंदू मिळतो, शून्याकडे गेले तर पुढचा मेंदू, 1च्या पुढे गेले तर मागचा. मागच्या मेंदूच्या सीमेवर सेरोटोनिन या दुसऱ्या संदेशवाहक रसायनाच्या चेतापेशी जन्मतात. त्या मिसळल्या की काय होते, याचा इशारा जुन्या गर्भ-ऊतींच्या प्रत्यारोपणांतून मिळाला होता. काही रुग्णांना औषध बंद असतानाही अनावर हालचाली सुरू झाल्या आणि तपासात त्यांच्या कलमात सेरोटोनिनच्या पेशी भरपूर आढळल्या. म्हणून क्योटोचे संशोधक कोरिन नावाच्या, तळपट्टीची खूण असलेल्या प्रथिनावरून पेशी चाळून घेतात. त्यांच्या चाचणीत 7 रुग्ण होते, अमेरिका-कॅनडातल्या चाचणीत 12. दोन्हींचे निकाल 2025 साली आले आणि दोन्हींचा मुख्य हेतू सुरक्षितता तपासणे हा होता. पेशी कवटीला छोटे छिद्र पाडून मेंदूतल्या नेमक्या जागी ठेवल्या गेल्या, पाठीच्या पाण्यात नव्हे.

याच्याशेजारी शिबिरातला उपचार ठेवून पाहा. अस्थिमज्जा गर्भाच्या मधल्या थरातून येते, मेंदू बाहेरच्या थरातून. मज्जेतली पेशी मेंदूच्या कुठल्याच पट्ट्यातून, कुठल्याच दिवशी गेलेली नसते. तिला पत्ता नाही. तात्पुरती सूज कमी होणे वगैरे परिणामांचा अभ्यास प्रामाणिकपणे होऊ शकतो, होतोही, पण 'नवी चेतापेशी' हा शब्द तिथे खोटा आहे. स्वमग्न मुलांवर अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने 180 मुलांची, खोट्या औषधाशी तुलना करणारी चाचणी केली. तिच्यात नाळेतल्या रक्ताने मुख्य कसोटीवर फरक पडला नाही.

धोकाही कल्पनेतला नाही. मॉस्कोत गर्भातल्या चेता-मूळपेशी टोचलेल्या एका मुलाच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत चार वर्षांनी गाठी सापडल्या आणि त्या दात्यांच्या पेशींपासून झाल्या होत्या, हे 2009 साली प्रसिद्ध झाले. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रकरणात पक्षाघातासाठी तीन देशांत जाऊन इंजेक्शने घेतलेल्या माणसाच्या मज्जारज्जूत परक्या पेशींची गाठ वाढली होती.

नियम स्पष्ट आहेत. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसाठीचे प्रत्यारोपण सोडले, तर मूळपेशींचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीती मंडळाने डिसेंबर 2022मध्ये स्वमग्नतेसाठी असा उपचार करू नये, असे सांगितले. शिवाय 1954च्या औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिरात) अधिनियमाच्या सूचीत मेंदूचे विकारही आहेत आणि पक्षाघातही. ही गोष्ट जाहिराती स्वीकारणाऱ्या वृत्तपत्रांनीही नजरेआड करू नये, हे आपल्याला सांगण्याची गरज नसावी.

शिबिरात गेलाच तर चौकशी अशी करा. चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) क्रमांक काय? तो 'सीटीआरआय/वर्ष/महिना/आकडा' अशा स्वरूपाचा असतो आणि संकेतस्थळावर फुकट तपासता येतो. तिथे आजार, दवाखाना आणि मुख्य संशोधकाचे नाव जुळते का, ते पाहा. पैसे मागत असतील तर तिथेच उठा, कारण चाचणीतल्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नसतात. मग मूळ गावाचा प्रश्न. पेशी कुठल्या ऊतीतल्या, कोणत्या खुणांवरून निवडल्या आणि त्यांतल्या किती नको त्या प्रकारच्या आहेत? याचे उत्तर 'शंभर टक्के शुद्ध' असे आले तर समोरच्याने त्या मोजलेल्याच नाहीत.

या आईबापांना 'काहीच करू नका' असे सांगणे आम्हाला पटत नाही. फिजिओथेरपी, वाचा-उपचार, झटक्यांची औषधे यांत सातत्य ठेवले तर फरक पडतो आणि बाग गहाण पडत नाही. खरी संधी मात्र पूर्वपेशी आपापल्या पट्ट्यात असतानाची, म्हणजे गरोदरपणाची आणि त्याच्याही आधीची. चेतानलिका 28 व्या दिवशी बंद होते, तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. पहिली तपासणी बहुधा त्यानंतर होते. म्हणून फॉलिक ॲसिड गर्भधारणेच्या आधी किमान महिनाभर सुरू हवे, रोज 400 मायक्रोग्रॅम. आधीच्या बाळाला चेतानलिकेचा दोष असेल तर मात्रा दसपट, म्हणजे 4 मिलिग्रॅम. 1991 सालच्या ब्रिटिश चाचणीत एवढ्या मात्रेने दोष पुन्हा होण्याचे प्रमाण 72 टक्क्यांनी घटले होते. ही मोठी मात्रा डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. झटक्यांसाठी व्हॅल्प्रोएट (चेतानलिकेच्या दोषाचा धोका वाढवणारे औषध) घेणाऱ्या मुलीने लग्न ठरताच डॉक्टरांशी बोलावे, गोळी आपली आपण बंद करू नये.

दुसरी वेळ 23 ते 32 आठवड्यांची. या काळात मायलिनच्या पूर्वपेशी अर्ध्या पिकलेल्या असतात आणि प्राणवायूच्या चढउतारापुढे फार नाजूक ठरतात. मार बसला की कित्येक मरत नाहीत, पण पुढे पिकतही नाहीत. अकाली बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होतो तोही बहुधा पोकळीलगतच्या त्या गँग्लिओनिक उंचवट्यात, जिथे पूर्वपेशींची गर्दी असते आणि रक्तवाहिन्या पातळ असतात. खाडीपलीकडच्या गावातून जिल्हा रुग्णालयापर्यंत दोन तास लागत असतील, तर 24 ते 34 आठवड्यांत कळा सुरू झालेल्या बाईला निघण्याआधीच उपकेंद्रात डेक्सामेथासोनची (बाळाची फुप्फुसे लवकर पिकवणाऱ्या औषधाची) पहिली मात्रा, 6 मिलिग्रॅम, स्नायूत मिळाली पाहिजे. परिचारिकेला तशी मुभा आहे. पुढच्या तीन मात्रा बारा-बारा तासांनी. 32 आठवड्यांच्या आत प्रसूती अटळ दिसली तर रुग्णालयात बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट. बाळ रडत असेल तर नाळ किमान 30 ते 60 सेकंद थांबून बांधावी. नाळेतले रक्त साठवणाऱ्या खासगी पेढीचा प्रतिनिधी घाई करत असेल, तर ते रक्त त्या घटकेला बाळाचे आहे, पेढीचे नाही, हे घरच्यांनी दाराशीच सांगून ठेवावे.

आपले,
जीवशास्त्राचे दोन अध्यापक, रत्नागिरी